एकच नाव असलेली मतपत्रिका

अधिसूचना

बारशाच्या सकाळी सुमेधाने डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या भावाच्या घरी फ्रिजवर एक कागद चिकटवला. तो वाचता वाचता रविकांत एवढे खूश झाले की बशीत ओतायचा चहा त्यांनी टेबलावर ओतला.

"निवडणूक हाय व्हय!" ते म्हणाले. "मला वाटलं, हितं लेकाकडं येऊन नुसतं गवात बघत बसायचं."

कागदावर मजकूर थोडा होता. बाळाचं नाव घरातले सहा मतदार ठरवतील. नाश्ता होईपर्यंत नावं सुचवावीत. जेवण उरकेपर्यंत ज्याला माघार घ्यायची त्याने घ्यावी. मग गुप्त मतदान. एकाच नावावर फुली नाही, आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. निवडणूक अधिकारी : आत्या.

"पण नाव आत्याच ठेवते ना?" स्नेहलताबाई टेबल पुसत म्हणाल्या. "पाळण्यात घालायचं, कानात सांगायचं, पाठीत धपाटे खायचे. त्यात मतदान कुठून आलं?"

"तेच म्हणतेय मी, आई. आत्याचा अधिकार म्हणजे गव्हर्नरचा अधिकार. मला कुणी निवडून दिलं? जाता जाता मी तो जनतेला देऊन टाकतेय."

"जातेस कुठं?"

"स्वोर्ड्सला, माझ्या घरी. संध्याकाळच्या बसने."

नऊ वर्षांची श्रावणी, बाळाची मोठी बहीण, टोस्ट हातात घेऊन फ्रिजसमोर उभी होती. "आत्या, डू आय गेट अ व्होट? अ रियल वन?"

"रियल वन."

"ग्रँड."

सुमेधाच्या डोक्यात हे खूळ कुठून आलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण गेले कित्येक महिने ती दुसरं काही बोलतच नव्हती. डब्लिनच्या विद्यापीठात ती निवडणुका शिकवायची. टेसारा नावाचं एक छोटं बेट होतं, तिथे अजून लंडनहून गव्हर्नर जायचा. येत्या वर्षी ते बेट समोरच्या किनाऱ्यावरच्या देशाच्या ताब्यात जाणार होतं. बेटाच्या कौन्सिलात अर्धे सभासद गव्हर्नरने नेमलेले, उरलेले मच्छीमार संघाचे, दुकानदारांचे आणि बंदर कंपनीचे. निघता निघता गव्हर्नरला शहाणपण सुचलं होतं, की सगळेच्या सगळे सभासद लोकांनी निवडावेत. त्या कायद्याचा मसुदा सुमेधाकडे आला. आयर्लंडात आकडे घालून मत देतात, ती पद्धत तिने तिकडे नेली. नवे राज्यकर्ते म्हणाले होते, तुमचा कायदा जसा मिळेल तसा आम्ही चालवू. मसुदा उद्या पाठवायचा होता.

बेटाच्या मसुदा समितीची प्रमुख ओडेट नावाची एक मुख्याध्यापिका होती. ती फोनवर म्हणाली होती, "ते कायदा मोडणार नाहीत, सुमेधा. मोडायची गरजच पडणार नाही. हात न लावता रिकामा करता येईल असा कायदा तेवढा आम्हाला देऊ नकोस."

असं भोक कुठे उरलं नाही याची सुमेधाला खात्री होती. फ्रिजवरचा कागद तिने त्याच मसुद्यातल्या कलमांवरून उतरवला होता. घरच्या घरी रंगीत तालीम.

उमेदवारी

रविकांतांनी आपल्या आईचं नाव दिलं : विजयालक्ष्मी. कागदावर ते एवढं मोठं लिहिलं की दुसऱ्यांना जागा शोधावी लागली.

सुरुचीची आई शुभदा नागपूरहून लेकीच्या बाळंतपणासाठी आली होती. तिने दिलं स्वराली. "अन् कोणी हसू नका बाप्पा, मी दोन महिने विचार करून राहिली यावर."

श्रावणीने दिलं नीव्ह, हे आयरिश नाव. "एव्हरीवन इन स्कूल कॅन से इट," ती म्हणाली.

हर्षवर्धन, म्हणजे सुमेधाचा धाकटा भाऊ आणि बाळाचा बाप, काहीच द्यायला तयार नव्हता. बाप आणि बायको यांच्या मधल्या जागेत तो बरीच वर्षं सुखाने राहत होता, आणि ती जागा सोडायचा त्याचा विचार नव्हता. "मी मतदार," तो म्हणाला आणि पनीर भाजायला मागच्या अंगणात गेला.

सगळ्यांच्या शेवटी सुरुची आली. बाळ खांद्यावर टाकून, एका हाताने पेन घेऊन तिने कागदाच्या तळाशी लिहिलं. इतकं बारीक, की सुमेधाला वाकून वाचावं लागलं.

"मुक्ता."

"छान आहे गं. कधी सुचलं?"

"सुचायचं काय, ताई. टॅलाच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर असायचे, ही पोटात लाथा मारायची. वॉर्डातून चालताना मी हिला सांगायचे, मुक्ता, थांब जरा. मुक्ता, आलेच." ती हसली. "श्रावणीच्या वेळीही हेच होतं डोक्यात."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी? बाबांनी फोनवर सांगितलं, तुम्ही कानात म्हटलंत, मी पेढे वाटले." सुरुचीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "पण ह्या वेळी निवडणूक आहे म्हणे. बघू या."

माघार

(सुमेधा स्वयंपाकघरात घुगऱ्यांना फोडणी देत होती. खिडकीत बेबी मॉनिटर होता. वरच्या छोट्या बॉक्सरूममध्ये बाळ निजलेलं. घरात तेवढी एकच खोली शांत, म्हणून रविकांतांनी आपली बोलणी तिथे ठेवली. खोलीतलं सगळं खाली ऐकू येतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.)

[मोहरी तडतडली. वर दार वाजलं.]

रविकांत : या, विहीणबाई. बसा. स्वराली नाव झकास हाय हां.

शुभदा : हो ना?

रविकांत : म्हणून म्हणतो, ते जन्मपत्रिकेत घालू. देवासमोरचं नाव तुमचं. कायमचं.

शुभदा : अन् हाक मारायले?

रविकांत : हाकंचं काय एवढं! हाक तर गल्लीतलं कुणीबी मारतंय.

शुभदा : लई पोहोचलेले आहात तुम्ही, व्याही.

रविकांत : लोकं म्हणत्यात तसं.

शुभदा : घेतली माघार. पण पहिला पेढा माझ्या हातचा.

[बाळ : उं.]

श्रावणी : आजोबा, यू कान्ट ब्राइब मी.

रविकांत : ब्राइब न्हवं गं. कुत्र्याचं पिल्लू.

[खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज.]

श्रावणी : अ रियल पपी?

रविकांत : तांबडं. कानं लोंबती.

श्रावणी : डॅड विल से नो.

रविकांत : तुझ्या बापाचा बाप कोण?

श्रावणी : …ओके. आय विथड्रॉ.

[सुमेधा हसत हसत खोबरं घालते. मग दुसरी पावलं, हलकी. स्नेहलताबाई. त्यांच्यामागून सुरुची.]

स्नेहलता : ह्यांनी मला पाठवलं नाही हां, मीच आले. म्हणजे, पाठवलं. सुरुची, ह्यांच्या आईचं नाव आहे गं ते. ह्यांना शाळेत घालायच्या आधीच गेली ती. एक फोटोसुद्धा नाही. त्यावर हे कधी बोलत नाहीत.

[बाळ जागं झालं. पाळण्याची कडी वाजली. दूध पिण्याचा आवाज.]

सुरुची : राहू द्या, आई. माझं नाव मागे घेते.

स्नेहलता : मनापासून ना?

सुरुची : शब्द देते. मत पण विजयालक्ष्मीलाच.

[पावलं गेली. दार लागलं. खाली सुमेधाचा झारा कढईत थांबला.]

सुरुची, अगदी हळू : पी गं, मुक्ता. पी.

बिनविरोध

जेवणं उरकली तशी रविकांतांनी फ्रिजवरच्या कागदावर तीन रेघा मारल्या आणि खिशातून एक पुडी काढली. गुलाल होता. तो त्यांनी थेट कोल्हापूरहून आणला होता. विमानतळावर विचारलं तर कुंकू म्हणून सांगायची त्यांची तयारी होती, पण कुणी विचारलंच नव्हतं.

"बिनविरोध!" त्यांनी पुकारलं.

साखर कारखान्याचे ते वर्षानुवर्षं चेअरमन होते. त्यांच्या काळात एकदाही मतदान झालं नाही, याचा त्यांना साखर उताऱ्यापेक्षा जास्त अभिमान. माघारीच्या दिवशी ते एकेकाच्या घरी चहाला जायचे. संध्याकाळपर्यंत जेवढ्या जागा तेवढेच अर्ज उरायचे. मग गुलाल.

"भांडण न्हाई, तंटा न्हाई," ते हर्षवर्धनला सांगत होते. "माणसं दुखवायची कशाला?"

"ते ठीक आहे बाबा, पण कुत्रं कुठलं? श्रावणी कुठल्या कुत्र्याबद्दल बोलतेय?"

शेजारची नोरीन भेट घेऊन आली होती. निवडणुकीच्या मोजणीला कठड्याशी उभं राहून, उघडणाऱ्या प्रत्येक मतपत्रिकेची पेन्सिलीने टॅली ठेवायची, हा तिचा जन्माचा छंद. आज मोजणी आहे असं कळल्यावरून ती पेन्सिल घेऊनच आली होती. मतदानच होणार नाही हे ऐकून तिचा चेहरा पडला.

"एकाच घोड्याची शर्यत?" ती म्हणाली. "मग बघायचं काय?"

सुमेधा जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. समोर मसुदा उघडा होता. त्यात एक कलम होतं, जगातल्या कुठल्याही निवडणूक कायद्यात असतं तसं. तिने ते नेहमीचं म्हणून उचललं होतं आणि पुन्हा वाचलंही नव्हतं. जागांइतकेच उमेदवार उरल्यास मतदान न घेता ते निवडून आल्याचे जाहीर करावे.

तिने ते आता वाचलं. मग पुन्हा वाचलं.

बॉक्सरूममध्ये कुणी नियम मोडला होता? कुणीही नाही. एकीला मान मिळाला, दुसरीला कुत्रं, आणि तिसरीला काहीच नाही, तिला फक्त वाईट वाटायला लावलं. टेसारावर कुणीतरी असंच चहाला जाईल. मच्छीमाराला धक्क्यावरची चांगली जागा, दुकानदाराला परवाना, आणि एखाद्या बाईला सांगितलं जाईल, जाऊ दे, कशाला वाकडेपणा. कायदा जसाच्या तसा राहील. पेट्या घडी करून कपाटात राहतील. ओडेट मतदान केंद्र म्हणून शाळा झाडून ठेवील आणि कुणी येणारच नाही.

हात न लावता रिकामा.

ती उठून बैठकीच्या खोलीत आली. "मतदान होणार," ती म्हणाली.

"अगं, एकच नाव हाय," रविकांत म्हणाले.

"एकावर होणार. खाली एक मोकळी ओळ असेल. वरचं नाव पसंत असेल तर खूण करायची. नसेल तर आपल्याला हवं ते लिहायचं."

"हे तुझ्या कागदात न्हवतं."

"नव्हतं. माझी चूक. आता घालतेय."

"खेळ संपल्यावर नियम बदलत्यात व्हय?" रविकांतांचा आवाज चढला नाही, उलट गोड झाला, कारखान्यात लोक याच आवाजाला भ्यायचे. "उद्या तुझी ती नवी राज्यकर्ती मंडळी हेच म्हणतील. म्हातारा गव्हर्नर जाता जाता दारं बदलून गेला."

मुद्दा खरा होता, आणि सुमेधाला तो खरा असल्याचा रागही आला आणि मजाही वाटली.

"बरोबर आहे, बाबा. म्हणून ते हस्तांतराच्या आधी घालतेय. नाव अजून कानात सांगितलेलं नाही. तोवर अधिकार आत्याचा. तो मी एवढ्यापुरता वापरते. मग संपला."

"ताई, जाऊ द्या ना," सुरुची म्हणाली. "मी खरंच मागे घेतलंय."

"माहितेय मला."

"कसं माहितेय?"

सुमेधाने बेबी मॉनिटर उचलून टीपॉयवर ठेवला. त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

शुभदाने तोंडाला पदर लावला. श्रावणी म्हणाली, "ओह माय गॉड, आजोबा." स्नेहलताबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. रविकांतांनी त्या यंत्राकडे नीट निरखून बघितलं, एखाद्या गावात आपल्यावर कुरघोडी करणारा कार्यकर्ता भेटावा तसं.

"घे मतदान," ते म्हणाले. "सहाच्या सहा पडतील मला. बिनविरोधपेक्षा ते भारी."

मतदान

मतदान केंद्र वरच्या मजल्यावर, हॉट प्रेसमध्ये. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं हे कपाट आयरिश घरात टॉवेल वाळवायला असतं. एक माणूस दार लोटून जेमतेम उभा राहतो. मतपत्रिका अशी :

☐ विजयालक्ष्मी

☐ ………………………

एकेक जण आत गेला. रविकांत सगळ्यांत शेवटी. ते आत बराच वेळ होते.

आत काय झालं ते इथे लिहिता येत नाही. मतदान गुप्त होतं.

मोजणी

पेटी म्हणजे बिस्किटांचा डबा. नोरीनला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मोजणी तिच्याकडे. तिच्याइतकं निःपक्षपाती घरात दुसरं कुणी नव्हतं.

पहिली चिठ्ठी. विजयालक्ष्मीपुढे खूण. रविकांतांनी मिशीवरून बोट फिरवलं.

दुसरी. वरचा चौकोन मोकळा, खाली काहीतरी लिहिलेलं. नोरीनने चिठ्ठी उलटी धरली, मग सुलटी. "हे मला वाचता येत नाही गं बाई, पण ही नवी चळत दिसतेय."

तिसरी. तिने दोन्ही शेजारी ठेवल्या. "ही दांडी तीच. खालचा हा गळासारखा आकडा तोच. वरची रेघ आहे. ह्याच चळतीत."

चौथी रोमन लिपीत होती आणि नोरीनचा चेहरा उजळला. "नीव्ह! अगं, किती गोड नीव्ह झाली असती ही!"

"दॅट वॉज मी," श्रावणी म्हणाली. "ऑब्व्हियसली."

"आणि कुत्रं?" हर्षवर्धनने विचारलं.

"आय विथड्रू. आय डिडन्ट से आय वुडन्ट व्होट."

रविकांतांनी नातीकडे आदराने पाहिलं.

पाचवी. सहावी. दोन्हींवर तीच दांडी, तोच आकडा, तीच रेघ. एक अक्षर तिरकं, एक गोल, पण शब्द एकच. नोरीनने चळत पंख्यासारखी पसरून सगळ्यांसमोर धरली. चारही चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं : मुक्ता.

कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलला, तेवढ्यात सुरुची म्हणाली, "पण असं कसं होईल?"

"का गं?"

"मी नाही लिहिलं!" ती रडत होती की हसत होती, ते तिलाही कळत नव्हतं. "मी शब्द दिला होता आईंना. मी विजयालक्ष्मीलाच खूण केली. ती पहिली चिठ्ठी माझी."

हर्षवर्धनच्या हातात पनीरचा चिमटा होता. त्याने तो हवेत मोजायला धरला. "थांबा. पहिली सुरुचीची. नीव्ह श्रावणीचं. मी मुक्ता लिहिलं. आई?"

"लिहिलं मी," स्नेहलताबाई म्हणाल्या. "तिला समजावून खाली आले आणि मलाच चैन पडेना."

"मी तर आईच आहे तिची, मी काहून नाही लिहिणार?" शुभदा म्हणाली.

चिमटा हवेत थांबला. मुक्ताची चौथी चिठ्ठी राहिली होती. सगळ्यांचे डोळे एकाच खुर्चीकडे गेले.

"काय बघताय?" रविकांत म्हणाले. "गुप्त मतदान हाय."

"अहो," स्नेहलताबाई म्हणाल्या. "तुमच्या आईचं नाव होतं."

रविकांतांनी गुलालाची पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आत गेलो," ते म्हणाले. "दार लावलं. कुणाला समजवायचं न्हाई, कुणाला काय द्यायचं न्हाई. नुसती ती मोकळी रेघ. एवढ्या निवडणुका केल्या, पण एकांतात उभं करून मला कधी कुणी विचारलंच न्हवतं, की बाबा, तुला काय पायजे."

"मग?"

"मग सूनबाईनं फ्रिजवर कसं लिवलं होतं ते आठवलं. किती बारीक. माझ्या आईनं मला काय नावानं हाक मारली आसंल, ते मला ठाऊक न्हाई. हिच्या आईनं हिला नऊ महिने मारलीया." त्यांनी नाक ओढलं. "आता रडू नगंस पोरी, मोजणी वाया जाईल."

सुरुची उठून त्यांच्या पाया पडायला वाकली, पण त्यांनी तिला मधेच धरलं, आणि दोघांना पुढे काय करायचं ते न सुचल्यामुळे ती दोघं तशीच उभी राहिली, एकमेकांचे खांदे धरून.

"मग पत्रिकेतलं नाव?" शुभदाने विचारलं.

"तुमचंच, विहीणबाई. शब्द दिलाय."

"अँड द पपी?"

"तो तुझ्या बापाचा विषय," म्हणून रविकांत बाजूला झाले.

गुलाल

पाळण्याला झेंडू मिळाला नव्हता म्हणून नोरीनच्या बागेतले डेझी बांधले होते. बायका जमल्या. सुमेधा वाकली आणि बाळाच्या इवल्याशा, गरम कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "कुर्रर्र… मुक्ता."

पाठीत धपाटे पडले. स्नेहलताबाईंचा, शुभदाचा, श्रावणीचा दोन्ही हातांनी. सगळ्यांत जोराचा नोरीनचा; ही प्रथा तिला फारच पटली होती. शेवटचा सुरुचीचा होता, आणि तो मारल्यावर तिने हात उचलला नाही, तसाच पाठीवर ठेवला.

मग रविकांतांनी पुडी फोडली. गुलाल उडाला, सोफ्यावर पडला, नोरीनच्या पांढऱ्या केसांत बसला. आपण हरलो आहोत हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

सुमेधा पुन्हा जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. गुलाबी बोटांनी तिने ते जुनं कलम खोडलं. एकच उमेदवार उरला तरी मतदान होईल. मतपत्रिकेवर एक मोकळी ओळ असेल. मोकळ्या ओळीला जास्त मतं पडली तर ती जागा पुन्हा लोकांपुढे जाईल. तिने ते ओडेटला पाठवलं.

उत्तर लगेच आलं. हे कुणाला सुचलं?

सुमेधाने लिहिलं, माझ्या वडिलांमुळे सुचलं. ज्याच्यापासून कायदा वाचवायचा, तसाच माणूस आहेत ते.

पायरीवर कुणीतरी टेकलं. चष्म्याच्या काचेवर गुलाल, मांडीवर पेढ्याची बशी. रविकांतांनी मान वाकडी करून स्क्रीनमध्ये डोकावलं.

"सरक जरा," ते म्हणाले. "आणि पहिल्या पानापासनं दाखव. अजून कुठं कुठं रिकामं करता येतंय, बघू या."